बोनकोड्याचे दोन दगड

आमच्या नागपूरची माणसं प्रवासाला काश्मीरला जातात, रामेश्वरला जातात, आणि ज्यांना दोन्ही झेपत नाही ती पचमढीला जातात. परत आल्यावर पुढचे सहा महिने आल्यागेल्याला अल्बम दाखवतात. मी गेल्या हिवाळ्यात रजा टाकून नव्या मुंबईला जाऊन आले आणि माझ्याकडे एकही फोटो नाही. बँकेतल्या मैत्रिणींनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "चिखल, मुरूम आणि दोन दगड." मी नेहमीसारखी थट्टा करते आहे असं समजून त्या आपापल्या काउंटरला गेल्या.

तिथे पाहण्यासारखं काय आहे असं विचाराल, तर अजून काही नाही, पण पुढे होणार आहे. ठिकठिकाणी पाट्या उभ्या आहेत. नियोजित शाळा, नियोजित उद्यान, नियोजित नाट्यगृह. मी तीन दिवसांत तीन नियोजित उद्यानं पाहिली. तिन्ही ठिकाणी म्हशी चरत होत्या आणि त्यांची काही तक्रार दिसली नाही.

माझ्या बॅगेत तीन साड्या, एक स्वेटर, संत्र्याच्या बर्फीचे दोन डबे, एक सुवर्णपदक आणि एक कबुली एवढं सामान होतं. स्वेटर लागला नाही. बर्फी पहिल्याच संध्याकाळी संपली. राहिलेल्या दोन वस्तूंची ही हकिकत आहे.

एके काळी मी लांब उडी मारायची. तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल, कारण दुसऱ्या नंबरची नावं कोणी ऐकत नाही. सत्तरच्या दशकात सलग सात वर्षं मी दुसरी आले. पहिली यायची ती गुलाब, बोनकोडे नावाच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या हिराजीबाबांची मुलगी. आधी राज्याच्या स्पर्धेत तिच्या मागे मी, मग दोघी राज्याच्या संघातून देशाच्या स्पर्धेला, आणि तिथेही तिच्या मागे मीच. वर्तमानपत्रातल्या फोटोत तिचा चेहरा असायचा आणि कडेला माझा डावा खांदा. आईने ती सगळी कात्रणं जपून ठेवली आहेत. तिला माझा खांदा ओळखू येतो.

आठव्या वर्षी मी पहिली आले. एकदाच. ती कशी आले ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको.

लांब उडीत उडी सगळ्यात शेवटी येते. खरं काम धावेचं. धाव जिथून सुरू करायची ती जागा नेमकी हवी, म्हणजे शेवटचं पाऊल पांढऱ्या फळीवर पडतं. फळीच्या पुढे बोटभर जरी गेलं तरी लाल झेंडा वर होतो आणि उडी बाद. आम्ही सगळ्या जणी ती जागा पावलांनी नाहीतर फितीने मोजून खूण करायचो. गुलाब दोराने मोजायची. मिठागरात मिठाचे चौकोन आखायला दोर लागतो, तो वळण्यात हिराजीबाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी गावाच्या बांधावर दोन दगड पुरले होते. एकापासून धावायचं, दुसऱ्यावरून उडायचं. दगड ते दगड बरोबर मापाचा दोर ते लेकीला वळून द्यायचे आणि ती तो पिशवीत घालून देशभर हिंडायची. इतर राज्यांच्या मुली हसायच्या, पण निकाल लागेपर्यंतच.

आम्ही एका खोलीत राहायचो. एकदा केरळात पाऊस लागला तेव्हा तिने दोर प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळला आणि मला सांगितलं, "नवा सुती दोर भिजला का आखडतो, सुमन. मग बाबाचं माप गेलं." तिने हे मला मैत्रीने सांगितलं होतं.

शेवटच्या वर्षी स्पर्धा उत्तरेकडच्या एका शहरात होती. जी पहिली येईल तिला बँक नोकरीत घेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुलाबकडे त्या खेपेला कोरा दोर होता. आदल्या दिवशी दुपारी ती आंघोळीला गेली, तेवढ्यात मी तो बादलीत बुडवला, पिळला आणि गच्चीवर माझ्या साडीखाली वाळत घातला. तिकडचं ऊन कोरडं. तासा-दोन तासांत दोर हाताला सुका लागायला लागला, पण आखडला तो आखडलाच. मी तो होता तसा तिच्या पिशवीत ठेवला. इतकी नीट घडी मी स्वतःच्या कपड्यांचीसुद्धा कधी घातलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाबच्या तिन्ही उड्या बाद झाल्या. माझी उडी अशी होती की दुसऱ्या कुठल्याही वर्षी तिला नेहमीचा दुसरा नंबर मिळाला असता.

ठाणे-बेलापूर रस्ता

ठाण्याला उतरून लाल बस धरली. या रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि बसमध्ये दोन्हींचा वास. दर दोन मैलांनी वास बदलतो. नेहमीच्या प्रवाशांना डोळे मिटूनही कुठला थांबा आला ते कळत असावं. मी कंडक्टरला बोनकोड्याचं तिकीट मागितलं.

"कोपरखैरणे फाट्याला उतरा मॅडम, तिथून चालत."

"गाव रस्त्यावरून दिसतं का?"

"दिसायचं. आता मधे बिल्डिंगा आल्या. गाव तिथंच आहे, टेन्शन नका घेऊ."

फाट्यावर गुलाब उभी होती. आठ वर्षांनी पाहत होते. अंगाने भरली होती, केसांत अबोलीची वेणी, आणि उभं राहण्याची तीच जुनी पद्धत, उजवा पाय किंचित पुढे, कोणी शिट्टी वाजवली तर निघायच्या तयारीत. मी पत्रात फक्त "भेटायला येते" एवढंच लिहिलं होतं. तिने काही न विचारता माझी बॅग उचलली.

"जड आहे गो. काय आणलंस?"

"बर्फी," मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं.

गावात शिरेपर्यंत तिने आपली हकिकत सांगून टाकली. लग्न गावातच झालं. नवरा भरावाच्या डंपरवर ड्रायव्हर. नव्या शहरासाठी खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन, मुरूम टाकून बुजवायचं काम चालू होतं, आणि ते खाजण यांचंच होतं. ती स्वतः महाप्याच्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरते. "दिवसभर बसून काम. तू बँकेत बसतेस, मी इथं. आपण दोघीपन बसल्याच शेवटी," असं म्हणून ती हसली. मी हसले नाही. मी चप्पल नीट करायला खाली वाकले.

घरी शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. गुलाबने माझी ओळख करून दिली, "ही सुमन. कायम माझ्या मागं यायची." एका म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "अजून मागंच हाय का गो?" सगळ्या हसल्या. आमच्या नागपुरात पाहुण्याला आधी पाणी देतात, चेष्टा जेवणानंतर सुरू होते. इथे क्रम उलटा आहे.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. निवटी हा मासा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो खाडीच्या चिखलात राहतो आणि ओहोटीला चिखलावरून टुणटुण उड्या मारत हिंडतो. गुलाबने एक निवटी माझ्या ताटात वाढून म्हटलं, "मी लहान होते तवा यालाच बघून शिकले." त्यानंतर मला तो घास घशाखाली उतरवणं कठीण गेलं. आपण खेळातल्याच कोणाला तरी खातो आहोत असं वाटत राहिलं. चव मात्र उत्तम होती आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

हिराजीबाबा दाराशी बसले होते. वाळून काटक झाले होते, पण हात मोठे आणि बोटांना मिठाने पडलेल्या चिरा तशाच. त्यांनी मला ओळखलं. "तू ती नागपूरची. पयली आयलीस ती."

मी मान हलवली. मग बर्फीचा डबा उघडून सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि आता सांगून टाकू असा विचार करून घसा खाकरला. तेवढ्यात शेजारच्या घरात टीव्ही लागला आणि गुलाब, बायका, बाबा आणि बर्फीचा डबा असे सगळे तिकडे गेले. नव्या शहराला जमिनी गेल्या, त्यांचे पैसे आले, तेव्हापासून गावात टीव्ही आले होते. पडद्यावर एक माणूस शेतकऱ्यांना भाताला खत कसं द्यावं ते समजावून सांगत होता आणि ज्यांचं एकही भातशेत उरलं नव्हतं असं सगळं गाव ते मन लावून ऐकत होतं.

खाजण

दुसऱ्या दिवशी गुलाबने कारखान्यात रजा टाकली. "तुला बांध दाखवते," म्हणाली. मी म्हटलं चला, मोकळ्यावर सांगणं सोपं जाईल.

खाजणात पायवाट बांधावरून जाते. मध्ये एक पाण्याचा चर लागला. गुलाब बोलता बोलता, लुगड्याचा काष्टा न सावरता तो ओलांडून गेली. चर फार तर चार फूट असेल. माझी कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी त्याच्या चौपट लांब होती, आणि तिचं प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात काचेत लावलेलं आहे. मी पदर खोचला, दोन पावलं मागे गेले, धावले आणि बरोबर मधोमध चिखलात उभी राहिले. गुडघ्यापर्यंत.

गुलाब बांधावर बसून पोट धरधरून हसली. "अगो, तू तर चॅम्पियन ना!"

तिने हात दिला. मी वर आले, उजवी चप्पल आली नाही. आम्ही दोघींनी हात घालून शोधली. नागपूरच्या बाजारात घेतलेली नवीकोरी चप्पल होती. आता ती बहुधा एखाद्या नियोजित उद्यानाखाली आहे.

अर्धी चिखलात माखलेली, एका पायात चप्पल, अशा अवस्थेत माणसाने काय कबुली द्यावी? मी पाय पुसत बसले. समोर बांध सरळ गेला होता आणि त्याच्या टोकाशी लाल मुरमाचा ढिगारा पुढे पुढे येत होता. डंपर मागे यायचा, पाठ उचलायचा आणि रिकामा होऊन जायचा. बांधावर काळे दोन दगड होते, एक आमच्याजवळ आणि एक दूर, मुरमाच्या अगदी अलीकडे.

"ते बाबाचे दगड," गुलाब म्हणाली. "उद्या-परवा जातील. नवऱ्याला सांगितलंय, माझ्या दगडावर तू टाकू नको, दुसऱ्या कोनाला टाकू दे."

मग तिने आपणहून तो विषय काढला. मी काढला नव्हता, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे.

"सुमन, त्या दिवशी तू माझ्या मागंच उभी होतीस. तुला काय दिसलं? माझा पाय कसा काय पुढं जात होता?"

मी पायाचा चिखल खरवडत राहिले.

"पयल्या उडीला वाटलं, चुकला असंल. दुसरीला पन तेवढाच पुढं. संघाचे सर बोलले, खूण मागं घे. मी बोलले, नाय. बाबाचा दोर चुकत नाय, पाय चुकतोय, पायालाच सुधारते. तिसरीला पन तेवढाच." तिने हाताची वीत करून जमिनीवर टेकवली. "एवढा. तिन्ही वेळा एवढाच. घरी आले. बाबाने विचारलं, दोर धरून खूण केली होतीस? मी बोलले हो. तर बोलला, दोर मी तीनदा मोजून दिलाय. दोर बरोबर, म्हंजे तुजा पाय गेला, पोरी. आता बस कर. वैशाखात लग्न केलं."

"नंतर कधी उडी मारली नाहीस?"

"एकदापन नाय. पाय गेला तर गेला. लोक बोलायच्या आधी आपनच सोडलेलं बरं." ती उठली. "पन खरं सांगू? अजून कधी कधी बसच्या पायरीवरून उतरताना वाटतं, पाय बरोबर पडंल ना? आधी मला असं कधी वाटलं नव्हतं."

हे ऐकेपर्यंत मी असं धरून चालले होते की मी तिची नोकरी घेतली. घेतलेली वस्तू जड असते, पण ती काय आहे ते माहीत असतं. मी तिचा पाय घेतला होता हे मला तिथे, एका चपलेवर उभं राहून कळलं. आणि तरीही मी बोलले नाही. मी म्हटलं, "ऊन वाढलं, निघू या." आठ वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला आणखी एक दिवस गप्प राहणं अजिबात अवघड जात नाही. सवय असते.

तिसरा दिवस, सकाळ

दुपारी मला परत निघायचं होतं. गुलाब ओटीवर सुकट निवडत होती, बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी आत जाऊन बॅगेतून पदक आणलं आणि सुकटीच्या सुपाशेजारी ठेवलं. भाषण मी गाडीत तीनदा पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी जे निघालं ते एवढंच होतं.

"गुलाब, दोर मी भिजवला होता. आदल्या दिवशी. बादलीत. तू आंघोळीला गेली होतीस."

तिचे हात थांबले नाहीत. ती सुकटीतले खडे बाजूला काढत राहिली. मला वाटलं तिने ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "कुठला दोर?"

"बाबांचा. त्या स्पर्धेच्या वेळचा. तूच मला सांगितलं होतंस, आखडतो म्हणून."

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

ती उठली, आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात तो दोर होता, तिच्या नेहमीच्या घडीत, जिची मी तेव्हा हुबेहूब नक्कल केली होती. स्पर्धेहून आल्यावर तिने तो ठेवून दिला होता आणि नंतर कोणी उलगडला नव्हता. मोजून पाहायचं कोणाच्या मनातच आलं नाही, कारण या घरात पाय चुकू शकत होता, दोर चुकू शकत नव्हता. मी त्या घडीकडे पाहिलं आणि मला माझी लाज वाटली. आठ वर्षांत ती मला इतकी स्पष्ट कधी वाटली नव्हती.

"बाबा, चल," गुलाब म्हणाली.

"कवा? कुठं?"

"बांधावर. आत्ता."

आम्ही तिघं गेलो. चर ओलांडताना या वेळी मी चिखलातूनच चालत गेले, गुलाबच्या नवऱ्याच्या रबरी चपला घालून. मुरूम रात्रीतून बराच पुढे आला होता. लांबचा दगड, ज्यावरून उडायचं तो, ढिगाऱ्यापासून जेमतेम सहा-सात हातांवर राहिला होता. बाबा त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि दोराची गाठ दगडाच्या कडेला अंगठ्याने दाबून धरली. गुलाब दोर सोडत सोडत अलीकडच्या दगडाकडे चालत आली. मी तिथे उभी होते.

दोर संपला. दगड अजून पुढे होता.

गुलाबने दोर ताणला. बाबांनी तिकडून ओरडून सांगितलं, "तान गो, तान!" तिने अंग मागे टाकून ताणला. तरी दोराचं टोक दगडापर्यंत पोचेना. ती खाली बसली, टोक जमिनीला टेकवलं आणि मधल्या जागेवर आपली वीत ठेवली. बरोबर वीतभर होती. तिने एकदा ठेवली, उचलली आणि पुन्हा ठेवली.

"बाबा, इकडं ये."

बाबा आले. त्यांनी पाहिलं. आपल्या मोठ्या हाताची वीत ठेवली, ती जास्त पडली, मग लेकीचाच हात धरून तिथे ठेवला. तो हात त्यांनी तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता, गुलाबकडे बघून म्हणाले, "मीच बोल्लो व्हतो. तुजा पाय गेला, असा मीच बोल्लो."

"हां," गुलाब म्हणाली.

"मी दोराला इचारला नाय."

"मी पन नाय विचारला, बाबा."

ती उभी राहिली. काष्टा कसला, वेणीतली अबोली काढून बापाच्या हातात दिली. चपला काढल्या. अलीकडच्या दगडाला टाच लावून उभी राहिली, उजवा पाय किंचित पुढे. मी म्हणणार होते, आठ वर्षांनी एकदम असं करू नकोस, नस धरेल, स्नायू तुटेल. मी नेहमी तिच्या मागे उभी राहून असले विचार करायची. तेवढ्यात ती निघाली होती.

बांध कच्चा होता, मधे गवत होतं, आणि ती बत्तीस वर्षांची, पाकिटं भरणारी बाई होती. पहिली सहा-सात पावलं जड पडली. मग काहीतरी जुळलं. मला तो आवाज माहीत होता, पावलांमधलं अंतर एकसारखं होत जाण्याचा. सात वर्षं मी तो ऐकला होता आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, चुकू दे. त्या सकाळी पहिल्यांदा मी देवाला उलटं सांगितलं.

तिचा पाय दगडावर पडला. अलीकडे नाही, पलीकडे नाही. ती उडाली आणि मुरमाच्या ढिगाऱ्यात धप्पकन जाऊन बसली. तिकडे उभ्या असलेल्या डंपरच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

ती तिथेच बसून राहिली, आमच्याकडे पाठ करून. खांदे हलत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा कळलं की ती हसत होती आणि रडत होती. लाल मुरूम तिच्या तोंडाला, केसांना लागला होता. "दिसला का?" ती म्हणाली. "पाय दिसला का? माझा पाय बरोबर होता. बाबा, आठ वर्षं बरोबर होता!"

बाबा वाकून तिच्या पावलावरचा मुरूम हातांनी झाडत होते. झाडून झाला तरी ते झाडतच राहिले.

मी बाजूला उभी होते. माझ्यावर कोणी ओरडावं असं मला फार वाटत होतं, पण माझी तिथे कोणाला आठवणच नव्हती. हे मला काही नवीन नव्हतं.

निरोप

जेवल्याशिवाय तिने जाऊ दिलं नाही. या गावात ज्याच्यावर राग आहे त्यालाही जेवायला घालतात, फक्त आग्रह करत नाहीत. मला कोणी "अजून एक घे" म्हटलं नाही. भाकरी मी मागून घेतली.

निघताना मी पदक पुन्हा तिच्यापुढे केलं. "हे तुझं आहे. यासाठीच आले होते."

गुलाबने ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, वजन केल्यासारखं तळहातावर तोललं. "मला वाटलं होतं याहून मोठं असंल," ती म्हणाली. मग माझी बॅग उघडून साड्यांच्या वर ठेवलं आणि चेन ओढली.

"मला नको. माझं मला मघाशी मिळालं. हे तू लाव. पेटीत नको ठेवू. येनाऱ्याजानाऱ्याला दिसंल असं लाव."

"गुलाब, मला माफ—"

"ते बघू," ती म्हणाली. "ते आज नाय. तू आलीस, सांगितलंस, ते बरं केलंस. पन आठ वर्षं लावलीस, सुमन. मलापन थोडी लागतील."

फाट्यापर्यंत ती सोडायला आली. बॅग या वेळी मीच उचलली होती. बस आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती परत निघाली होती. रस्त्याच्या कडेला गटाराचा नवा खणलेला चर होता, आणि ओलांडायला बाजूलाच फळी टाकली होती. गुलाबने फळीकडे पाहिलंही नाही.

नागपूर

पदक दिवाणखान्यात लावलं आहे, काचेतल्या प्रमाणपत्राच्या बाजूला, दारातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसेल असं. आईला फार आनंद झाला. आठ वर्षं कपाटात ठेवलंस, आता कुठे तुला अक्कल आली, म्हणाली.

परवा शेजारी नवीन राहायला आलेल्या वहिनी चहाला आल्या होत्या. त्यांचं लक्ष गेलं. "अरे बाप्पा! हे तुमचं आहे का? कितवा नंबर आला होता?"

"दुसरा," मी म्हटलं.

त्या जवळ गेल्या, पदक निरखून पाहिलं आणि गोंधळून माझ्याकडे वळल्या. "पण हे तर सोन्याचं दिसून राहिलं."

"हो," मी म्हटलं, "दिसतं खरं," आणि त्यांच्या कपात चहा ओतला.